बाळू पालवणकर : रोलर ओढणाऱ्या हाताची गोष्ट

आपल्या होस्टेलमध्ये क्रिकेटवर बोलायला कुणाला निमंत्रण लागत नाही. मेसच्या डाळीत डाळ किती आणि पाणी किती यावर एकवेळ एकमत होईल, पण भारताचा सगळ्यात चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज कोण, यावर रात्रीचे दोन वाजले तरी होणार नाही. कुणी जडेजाचं नाव घेतं, कुणी बेदींचं. स्टाफपैकी कुणी असेल तर विनू मांकड, बापू नाडकर्णी, पद्माकर शिवलकर ही नावं येतात. पण या सगळ्यांच्या आधी, रांगेत अगदी पहिला उभा असलेला जो माणूस आहे, त्याचं नाव बहुतेक वेळा कुणालाच आठवत नाही. तो माणूस म्हणजे बाळू पालवणकर.

त्यांची ओळख करून द्यायला आणखी एक कारण आहे. डहाणू रोड स्टेशनातून जाणारी जी रेल्वे, जिच्यावरून आपल्यापैकी अर्धे जण सुट्टीत घरी जातात, ती पूर्वी बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे म्हणजे बी. बी. अँड सी. आय. या कंपनीची होती. १९५१ साली तिची पश्चिम रेल्वे झाली. याच कंपनीत बाळू नोकरीला होते आणि तिच्या संघातून क्रिकेट खेळत होते. म्हणजे बघा, हा माणूस आपल्याच लाइनवरचा!

तीन रुपये महिना

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, म्हणून आडनाव पालवणकर. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या समाजाच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्करी नोकरीत होते, त्यामुळे मुलांचं लहानपण पुण्यात, छावणीच्या आसपास गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी खेळून टाकून दिलेलं क्रिकेटचं सामान या पोरांच्या हाती यायचं आणि त्यावर त्यांचा खेळ चालायचा. बाळू थोरले. त्यांच्यामागे शिवराम, गणपत आणि विठ्ठल. हे चौघेही भाऊ पुढे नामांकित क्रिकेटपटू झाले. एका घरातून चार! पण तेव्हा घरात प्रश्न क्रिकेटचा नव्हता, पोटाचा होता.

बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि अधूनमधून मेंबर लोकांना सरावासाठी बॉल टाकायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये गेले. तिथे पगार एका रुपयाने वाढला, चार झाला. काम तेच, फक्त जास्त. नेट लावा, खेळपट्टी तयार करा, चुन्याच्या रेघा मारा, आणि साहेब आले की तासन् तास बॉल टाका.

या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. त्या काळात भारतातल्या गोऱ्या बॅट्समनमध्ये त्यांचा नंबर अगदी वरचा. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचे आणि फक्त बाळूंच्या बॉलिंगवर सराव करायचे. त्यांनी एक सौदा ठरवला होता. बाळूने आपल्याला आउट केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस. हिशेब सोपा आहे. आठ वेळा ग्रेगसाहेब आउट, की अख्ख्या महिन्याचा पगार सुटला! अशा सौद्यात कुणाचीही बॉलिंग सुधारेल. साहेबांची बॅट सुधारत गेली आणि बाळूंचा हात त्याहून जास्त.

आता इंजिनिअरिंगच्या पोरांनी लक्ष द्यावं असा मुद्दा. ज्या खेळपट्टीवर बाळू बॉल टाकायचे, ती त्यांनी स्वतः पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेली असायची. माती कुठे ओली, कुठे कोरडी, बॉल कुठे पकडेल आणि कुठे सरपटेल, हे त्यांना पायाखालून आणि हातातून कळत होतं. कुठल्याही कोचिंग क्लासमध्ये न मिळणारं हे ज्ञान होतं. बॉल दोन्ही बाजूंना वळवणं, वेग कमी-जास्त करणं आणि टप्पा मात्र अजिबात न सोडणं, ही त्यांच्या बॉलिंगची तीन हत्यारं. ती तयार झाली नोकरीत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. इतकी वर्षं त्या क्लबात राबले, पण बाळूंना तिथे बॅटिंग कधी मिळाली नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम, बॉलिंग हे नोकराचं. खुद्द इंग्लंडातसुद्धा हौशी जंटलमन आणि पगारी प्रोफेशनल असे दोन वर्ग होते. पगारी खेळाडूंना बऱ्याच मैदानांवर कपडे बदलायची खोलीही वेगळी असे. हा भेद क्रिकेटमधून अधिकृतपणे गेला तो १९६२ साली. त्याच सुमाराला, म्हणजे १८९३ साली, स्कॉटलंडमध्ये फुटबॉल खेळून पगार घ्यायला रीतसर मान्यता मिळाली आणि खाणीतली, गिरणीतली गरीब पोरं खेळाडू म्हणून मजुरी कमवू लागली. पुण्यात मात्र बाळूंना पगार मिळत होता तो खेळाडू म्हणून नाही, तर मैदानावरचा गडी म्हणून.

मैदानात आत, चहाला बाहेर

पुण्यातल्या हिंदूंचा एक क्रिकेट क्लब होता आणि त्याला गोऱ्यांच्या संघाला हरवायचं होतं. पूना क्लबच्या मैदानावरचा एक गडी ग्रेगसाहेबांना रोज चकवतो, ही बातमी तिथवर पोचली होतीच. त्याला संघात घ्यायचं का? यावरून क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद म्हणत होते घ्यायचा, पुण्यातले ब्राह्मण सभासद म्हणत होते नाही. असं सांगतात की शेवटी ग्रेगसाहेबांनीच वर्तमानपत्रातून मत मांडलं की बाळूला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. साहेबांना त्याच्याशी सामन्यात दोन हात करायचे असतील, हेही असेल. काही असो, बाळू संघात आले.

आले म्हणजे कसे आले? मैदानावर जो बॉल इतर दहा जण हातात घेत, तोच बाळूही घेत. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना बाहेर उभ्या-उभ्या चहा मिळे. तोही मातीच्या भांड्यातून, जे नंतर फेकून देता येईल. जेवायचं ताट वेगळं, जागा वेगळी. तोंड धुवायचं तर त्यांच्याच जातीतला एखादा नोकर कोपऱ्यात पाणी घेऊन येणार. आणि पुन्हा खेळ सुरू झाला की त्यांनीच विकेट काढायच्या आणि संघाने टाळ्या वाजवायच्या.

हा हिशेब आपल्या भागाला नवा नाही. तलासरी तालुक्यातल्या झरी गावात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले, ते इथल्या जुन्या माणसांकडून ऐकायला मिळतं. वेठ म्हणजे तरी काय? हात पाहिजेत, माणूस नको. क्रिकेटच्या मैदानावर कपडे पांढरे होते, एवढाच फरक.

पण विकेट पडत गेल्या तशी काही माणसं विचार करू लागली. पुण्याच्या गोऱ्यांना हिंदूंनी हरवलं. मग साताऱ्याच्या गोऱ्यांशी सामना झाला. तिथे बाळूंची बॉलिंग बोथट व्हावी म्हणून खेळपट्टी कित्येक दिवस रोलर फिरवून कडक करून ठेवली होती, असं सांगतात. त्यांनी तरीही विकेट काढल्याच. रोलर फिरवून खेळपट्टीचं काय होतं हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असणार? न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं आणि बरोबर खेळता तर बरोबर जेवायला काय हरकत आहे, असा सरळ सवाल संघाला केला. या प्रश्नाला सोपं उत्तर नव्हतं.

मुंबई आणि रेल्वे

१८९६ साली प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंबाने पुणे सोडून मुंबई गाठली. इथे बाळूंना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. खेळणाऱ्या माणसाला नोकरी देऊन कंपनीचा संघ मजबूत करायचा, ही पद्धत तेव्हापासूनची. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांना प्रवेश मिळाला. इथेही काही सभासदांची समजूत काढावी लागली.

मुंबईत तेव्हा सगळ्यात मोठा सामना म्हणजे गोरे विरुद्ध पारशी. १८९२ पासून तो चालू होता. मग हिंदूंनीही आव्हान दिलं आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन समोरासमोर आले. ज्या जिमखान्याचं सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नसे, त्याच्याच अंगणात! बंगालच्या फाळणीला काही महिनेच झाले होते, स्वदेशीची हवा होती, त्यामुळे गर्दी तुफान. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ वर संपला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच विकेट काढल्या. संघात धाकटा भाऊ शिवरामही होता.

या विजयानंतर सुधारकांच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी एक गोष्ट नेमकी हेरली. हा सामना जिंकला तो सगळ्या जातींची माणसं एका संघात होती म्हणून. देशाचंही असंच व्हायला हवं, असा त्यांचा सूर होता. पुढच्या वर्षी पारशी, हिंदू आणि युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. आज आयपीएलला जे वेड आहे, ते तेव्हाच्या मुंबईत या सामन्यांना होतं.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ च्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराजांना मेजवान्या आणि दरबारी कामं बरीच, त्यामुळे बहुतेक सामन्यांत ते खेळलेच नाहीत. संघ इंग्लिश हवेला आणि खेळपट्ट्यांना नवखा. एकूण २३ सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले. आकडे बघून वाटेल, फजिती झाली.

पण त्याच दौऱ्यातले बाळूंचे आकडे बघा. सगळ्या सामन्यांत मिळून ११४ विकेट. त्यातल्या ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतल्या, सरासरी साधारण वीस. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ विकेट. लँकेशायरविरुद्ध ८३ धावांत सात. लेस्टरशायरला भारतीय संघाने हरवलं, तेव्हाही मुख्य वाटा त्यांचाच. वय तेव्हा पस्तीस होतं, खांदा दुखत होता आणि दुसऱ्या टोकाने साथ देणारं फारसं कुणी नव्हतं. शिवरामने बॅटने चांगली कामगिरी केली. ज्या दोन भावांना पुण्यात पॅव्हेलियनच्या आत चहा मिळाला नसता, त्यांनी लॉर्ड्सच्या हिरवळीवर देशाचं नाव राखलं.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा मोठा सत्कार केला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकर यांना त्या काळात बाळूंचा फार अभिमान होता. आपल्यातला एक माणूस, निव्वळ कर्तबगारीवर, सगळ्या देशाचा झाला, याचं अप्रूप त्या पिढीला किती असेल, याची कल्पना करा.

कर्णधार कोण?

आता खरी गोष्ट सुरू होते. देशातला सगळ्यात मोठा गोलंदाज, सगळ्यात अनुभवी खेळाडू. मग हिंदू संघाचा कर्णधार कोण व्हायला हवा? उत्तर सोपं आहे. पण दर वर्षी कर्णधारपद दुसऱ्याकडे, बहुतेक वेळा उच्चवर्णीय खेळाडूकडे जायचं. बाळूंना बॉल मिळायचा, फील्ड लावायचा अधिकार नाही.

इथे एका माणसाचं नाव सांगायलाच हवं, ते म्हणजे एम. डी. पै. १९१३ साली ते कर्णधार झाले आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांनी त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारातच पैंनी सांगून टाकलं की हा मान खरं तर बाळूंचा आहे, कारण ते माझ्याहून ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. हार गळ्यात असताना असं बोलायला धीर लागतो.

तरी परिस्थिती बदलायला आणखी वर्षं गेली. १९२० चे चौरंगी सामने आले. बाळूंना वयाच्या कारणाने वगळलं. पै आजारी पडले, तर कर्णधारपद विठ्ठल किंवा शिवराम यांना न देता प्रा. दि. ब. देवधरांकडे दिलं. तेव्हा दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि त्याचं कारण जाहीरपणे सांगितलं. आम्हाला डावललं ते खेळामुळे नाही, जातीमुळे. गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध बोलू लागले होते, लोकांची सहानुभूती भावांच्या बाजूला होती. बोर्डाला ऐकावं लागलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परत आले, बाळू संघात आले आणि उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले. कर्णधार बाहेर म्हणजे सूत्रं कुणाकडे? उपकर्णधाराकडे! चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी अशा रीतीने हिंदू संघाचं नेतृत्व केलं. कागदावर नाही, पण मैदानावर.

कागदावर नाव यायला १९२३ साल उजाडलं, आणि ते नाव विठ्ठलचं होतं. विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू चौरंगी जिंकले. पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही. थोरल्याला जे मिळालं नाही ते धाकट्याला मिळालं. विठ्ठलनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, ते १९४८ साली आलं. या भावांबद्दल आज जी माहिती मिळते, त्यातली बरीच त्यामुळे टिकली.

निवडणुकीचं मैदान

खेळ थांबल्यावर बाळू राजकारणात आले. इथे गोष्ट जरा अवघड होते, पण ती गाळून पुढे जाणं बरं नाही. १९३२ साली दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर झाले, गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभं केलं ते थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

कोण बरोबर होतं यावर आजही वाद होतात. पण दोघांच्या वाटा का फुटल्या, हे समजू शकतं. बाळूंना वाटत होतं, एका संघात राहून, चांगलं खेळून, हळूहळू आतलं मन बदलता येतं. त्यांच्या आयुष्यात तसं थोडं घडलंही होतं. आंबेडकर विचारत होते की मन बदलेपर्यंत किती पिढ्यांनी बाहेर उभं राहून चहा प्यायचा? आणि खरं सांगायचं तर, या प्रश्नाचा सगळ्यात मोठा पुरावा बाळूंचं स्वतःचं आयुष्य होतं. ११४ विकेट घेऊनही कर्णधारपद मिळालं नाही. ते आलं तेव्हा आलं, जेव्हा भावांनी खेळायला नकार दिला.

शेवटी

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा बाळूंचं वय छप्पन्न होतं. त्यामुळे त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही. प्रथम श्रेणीचे सामने ३३, विकेट १७९, सरासरी १५.२१. ही सरासरी पुन्हा एकदा वाचा. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. तोवर धर्मावर आधारलेले ते जुने सामने १९४६ सालीच बंद पडले होते आणि देशाच्या घटनेने अस्पृश्यता हा गुन्हा ठरवला होता.

मित्रहो, आपण होस्टेलात एका ताटवाढीच्या रांगेत उभे राहतो, एकाच कूलरचं पाणी पितो. डहाणूच्या किनाऱ्यावरचा, तलासरीच्या पाड्यावरचा, विदर्भातला, कोकणातला, सगळे एकाच वर्कशॉपमध्ये जॉब घासतो. हे आपल्याला इतकं साधं वाटतं की त्याची किंमत कळत नाही. पण एक प्रश्न मात्र स्वतःला विचारण्यासारखा आहे. टीममध्ये घेताना आपण खेळ बघतो हे ठीक. पण कॅप्टन ठरवताना, जी. एस. निवडताना, प्रोजेक्टचा लीडर कोण आणि राबणारा कोण हे ठरवताना आपण काय बघतो? आडनाव, इंग्रजी, गाव, की काम?

बाळूंना संघात घेणारे खूप होते, कारण त्यांना जिंकायचं होतं. हा मान याचा आहे असं भर सत्कारात सांगणारे पै एकटेच निघाले. येत्या गॅदरिंगच्या आधी टीम निवडायला बसाल, तेव्हा पैंची आठवण ठेवा. आणि सामन्याच्या दिवशी पहाटे उठून ग्राउंडवर पाणी मारणारा, चुन्याच्या रेघा ओढणारा जो माणूस आहे, त्याच्या हातात एकदा बॉल देऊन बघा. काय सांगावं!